दोन्ही कौल उजवे

आमच्या चाळीत विमान चालवणारा एकच निघाला, आणि त्याच्या विमानात माणसं बसत नसत. हे चाळीला बरेच दिवस पटलं नाही. वरच्या माळ्यावरच्या आनंदीबाईंनी मला एकदा जिन्यात अडवून विचारलं, मग विश्रामच्या विमानात असतं तरी काय? मी सांगितलं, कापडाचे गठ्ठे, औषधांची खोकी, कोंबडीची पिल्लं, कधीमधी परदेशी पाठवायची माकडं. त्या म्हणाल्या, म्हणजे खटाराच म्हणायचा. मला राग आला, कारण पोरगा माझा विद्यार्थी. 

मी लालबागला म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. माझं गाव साताऱ्याकडचं, पण चाळ सगळी कोकणातली, त्यामुळे तीस वर्षांत मालवणी पुरती समजायला लागली. बोलता मात्र फक्त रागावतानाच येते. चाळीतली निम्मी पत्रं माझ्या हातची जातात. शाळेत मी गणित शिकवतो. गणितात उत्तर एकच असतं म्हणून तो विषय मला आवडतो, आणि ज्या गोष्टींना दोन उत्तरं असतात तिथे माझं डोकं फिरतं. विश्राम परबाच्या बाबतीत ते महिनाभर फिरलेलंच होतं.

गिरणीतल्या विणकराचा मुलगा विमानात चढला कसा, हे लोक अजून विचारतात. त्याच्या कॉलेजात एन.सी.सी.चं विमानपथक होतं, त्यात त्याचं नाव लागलं. जुहूला उडायला शिकला. मग सरकारी शिष्यवृत्तीवर अलाहाबादेला जाऊन धंद्याचं लायसन घेऊन आला. आला तेव्हा सरकारी विमान कॉर्पोरेशनची भरती बंद होती. म्हणून एका खासगी मालवाहू कंपनीत, डकोटा विमानावर, को-पायलट म्हणून चिकटला. माकडं आणली त्या दिवशी त्याच्या कपड्यांना असा वास यायचा की आई, सुभद्रा, त्याला खोलीत घ्यायची नाही. सामायिक नळावर आधी आंघोळ, मग उंबरठा. पायलट नळाखाली बसून डोकं चोळतोय हे बघायला शेजारच्या चाळीतली माणसं यायची.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत त्याला एकाच आठवड्यात दोन पत्रं आली.

पहिलं कंपनीचं. कंपनीचं मुंबईतलं काम आटपत आलं होतं. आसामात सरहद्दीवरच्या डोंगरांत जिथे रस्ते नाहीत, तिथल्या चौक्यांना विमानातून तांदूळ टाकायचं काम तिला मिळालं होतं. जोरहाटला ये, वर्षाच्या आत तुला कॅप्टन करतो, असं लिहिलं होतं. दुसरं पत्र सरकारी कॉर्पोरेशनचं. भरती उघडली होती. मुंबईलाच नेमणूक, माणसांचं विमान, पक्की नोकरी, फंड. पण यादीत सगळ्यात खालचं नाव, म्हणजे सात-आठ वर्षं तरी को-पायलटच. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेच्या आत दोघांनाही काय ते कळवायचं होतं.

आता मुंबईची पक्की सरकारी नोकरी सोडून आसामच्या डोंगरात कोण जातं? मी डोळे मिटून कॉर्पोरेशन म्हणालो असतो. पण डकोटाला दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे को-पायलट, आणि विमान कुठे न्यायचं, कधी वळवायचं, कधी उतरवायचं हे डावी खुर्ची ठरवते. उजव्या खुर्चीतला माणूस सांगितलेलं करतो. विश्रामला चोवीस वर्षं पुरी झाली होती आणि तो उजवीकडे बसून बसून कंटाळला होता. हे त्यानं आईला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, डावा ता वायट, उजवीकडेच बस.

सुभद्रेला एवढंच कळत होतं की त्या डोंगरांत धुकं असतं आणि तांदूळ टाकायला विमान दरीत शिरतं. हे विश्रामनं तिच्यापासून लपवलं होतं, पण चाळीत काही लपत नाही. पेपर वाचता न येणाऱ्यालाही सगळी बातमी कळते, कारण गॅलरीत कोणीतरी तो मोठ्यानं वाचतच असतं. त्या वर्षी असं एक विमान परत आलं नव्हतं. सुभद्रा मुंबई धरून बसली.

बाप, धोंडू परब, नेमका उलट. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात तो सत्तावीस वर्षं साचे, म्हणजे माग, चालवत होता. जॉबर, म्हणजे खात्यातल्या माणसांवरचा मुकादम, झाला नाही, हे त्याच्या आयुष्याचं दुखणं. पुढेपुढे करणारे जॉबर झाले, मला डावललं, जन्म दुसऱ्याच्या हाताखाली गेला, ही त्याची कथा आम्हा सगळ्यांना पाठ होती. जेवायला बसला की पहिल्या घासाला ती निघायची. त्यामुळे कॅप्टन हा शब्द ऐकल्यावर त्याला धुकं, दरी काही दिसेना. माझो झील कोनाच्या हाताखाली रवाचो नाय, एवढंच तो म्हणायचा.

विश्रामची चूक अशी की तो सगळ्यांना विचारत सुटला. निवडणूक तोंडावर आली होती, चाळीच्या तळमजल्यावर मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीची कचेरी होती, तिथे समितीचे कार्यकर्ते अप्पा दिवसभर पत्रकं मोजत बसलेले असत. छप्पनच्या जानेवारीत आमच्याच रस्त्यावर गोळीबार झाला तेव्हा अप्पा जखमी झाले होते आणि त्या खांद्याचा हात अजून वर जात नव्हता. अप्पा म्हणाले, मुंबईसाठी माणसं मेली आणि तू मुंबई सोडून जाणार? विश्रामची मान खाली गेली. मग अप्पाच म्हणाले, पण मराठी गिरणी कामगाराचा मुलगा विमानाचा कॅप्टन झाला तर केवढी गोष्ट होईल, सभेत सांगता येईल. विश्रामनं विचारलं, मग जाऊ का? अप्पा म्हणाले, मतदानापर्यंत तरी थांब. मला विचाराल तर असली मतं देण्यापेक्षा माणसानं गप्प बसावं.

मग तो मला घेऊन गिरगावात गेला. त्याच्याबरोबर अलाहाबादेला शिकलेला हेरंब नावाचा मुलगा तिथे राहायचा. तो आधीच, भरती बंद व्हायच्या आत, कॉर्पोरेशनमध्ये लागला होता. निदान तो तरी एक उत्तर देईल या आशेनं मी रविवारची झोप मोडली. हेरंबच्या आईनं जायफळ घातलेली कॉफी दिली. हेरंब पांढऱ्या गणवेशाच्या इस्त्रीबद्दल बराच बोलला. मग विश्रामनं विचारलं, तू उतरवतोस का विमान? तो म्हणाला, तीन वर्षांत दहा-बारा वेळा. बाकी चाकं वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. असं सांगताना तो हसत होता, पण आई आत गेल्यावर हळूच म्हणाला, तू जा लेका, तुला हातात तरी देतायत. मला बरं वाटलं, निकाल लागला. आम्ही जिना उतरलो तर हा मागून धावत आला आणि विश्रामचा दंड धरून म्हणाला, जाऊ नकोस रे, आपल्या बॅचचा एक तिकडच्याच अपघातात गेला. ट्राममध्ये बसल्यावर मी विश्रामला फाडकन म्हणालो, की तुझे मित्रही तुझ्यासारखेच आहेत.

 ट्राम भायखळ्याला आल्यावर तो म्हणाला, मास्तर, एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. डिसेंबरात नागपूरला जाताना खाली सगळं धुकं होतं. कॅप्टन चांगला माणूस, त्यानं हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, आज तू ठरव, उतरायचं की मागे फिरायचं.

"आणि?" मी विचारलं.

"मला दोन्ही बरोबर वाटायला लागलं, मास्तर. उतरावं तरी बरोबर, फिरावं तरी बरोबर. मी नुसता बघत राहिलो. शेवटी त्यांनीच हातात घेतलं."

नंतर कॅप्टन रागावला नव्हता, उलट खाली उतरल्यावर त्यानं याला चहा पाजला होता. त्या चहानं विश्राम जास्त खचला होता. आसामात डाव्या खुर्चीत बसायचं, समोर डोंगर, आणि तेव्हा असं झालं तर? मागे तांदूळ ढकलायला चार माणसं उभी असतात. मी त्याला काय सांगायचं? नीट झोप, असं सांगितलं. तीस वर्षं मास्तरकी करून मला तेवढंच आलं याची मला लाज वाटते.

दोनच दिवसांनी सुभद्रा माझ्या दारात आली. म्हणाली, गावाक एक कागद लिवून देशात? कोकणातल्या माणसाचं काही अडलं की तो गावच्या देवाला कौल लावतो, हे एव्हाना मला ठाऊक होतं. गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघत बसतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. मुंबईच्या माणसाला रजा नसते, म्हणून तो पत्रानं कौल मागवतो. सुभद्रेनं सांगितलं तसं मी भिवा गुरवाला लिहिलं: विश्रामनं मुंबईतच राहून सरकारी नोकरी धरावी काय, देवाला विचारून कळवावे. जाताना ती म्हणाली, ह्यांका सांगू नकात.

तिसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर धोंडू आला. त्यालाही पत्र लिहायचं होतं, भिवा गुरवालाच. विश्रामनं आसामला जाऊन कॅप्टन व्हावं काय, देवाला विचारून कळवावे. तोही जाताना म्हणाला, तिका सांगू नकात.

आता इथे माझी चूक झाली, ती मी कबूल करतो. मी त्याला सांगायला हवं होतं की तुझी बायको येऊन गेली. पण एक तर दोघांनाही मी शब्द दिला होता. दुसरं म्हणजे माझा कौलावर विश्वास नाही. पाकळी उजवीकडून पडली काय नि डावीकडून पडली काय, माझ्या लेखी सारखंच. म्हटलं, लिहून दिल्यानं कोणाचं काय जातंय? शिवाय मनात एक मास्तरी हिशेब होता. एकाला हो आलं की दुसऱ्याला नाही येणार, म्हणजे उत्तर एकच राहील आणि माझ्यामागची कटकट सुटेल.

बारा तारखेला, मंगळवारी, संध्याकाळच्या टपालानं कार्ड आलं. भिवा गुरवानं दोन्ही पत्रांना मिळून एकच कार्ड टाकलं होतं. विश्राम त्या दिवशी घरी होता. पोस्टमननं ते त्याच्याच हातात दिलं आणि त्यानं खोलीत उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. मी गॅलरीत होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला. 'तुमचे आणि वहिनींचे अशी दोन पत्रे पावली. दोन्हींचे अक्षर एकच आहे. दोन दिवस दोन कौल लावले. देवाने दोन्ही उजवे दिले. मला ह्याचा अर्थ लागत नाही, तरी तुम्ही घरात बसून ठरवावे. झिलाला आशीर्वाद.'

मग आतून हाक आली, मास्तर. मी गेलो. न जाऊन काय करणार, अक्षर माझं होतं.

खोलीत जे सुरू झालं ते सगळं लिहीत नाही. धोंडू म्हणाला, देव खोटं बोलत नाही, तिनेच काहीतरी उलटसुलट विचारलं असणार. सुभद्रा म्हणाली, मी आई, माझा कौल आधी लागला. मग दोघं मिळून माझ्यावर आली, आणि ते योग्यच होतं. धोंडूनं ठरवलं, विश्रामनं आजच्या आज बोटीनं गावी जाऊन स्वतः देवासमोर उभं राहायचं. हिशेब केला तर बोटीनं जाऊन परत येईपर्यंत सोळा तारीख उजाडत होती. विमान चालवणारा माणूस कौलाला वेळेवर पोचू शकत नाही, यावर एरवी सगळी चाळ हसली असती. त्या वेळी गॅलरीत दहा माणसं गोळा झाली होती, पण कोणी हसलं नाही.

विश्राम भिंतीला टेकून खाली बसला होता. कार्ड त्याच्या हातात होतं. तो बापाकडे न बघता म्हणाला, "बाबा, तिसरो कौल नको. माका भीती वाटता. कॅप्टन होवची भीती वाटता."

आणि नागपूरची गोष्ट त्यानं सांगून टाकली, ट्राममध्ये मला सांगितली होती तशीच, चहासकट.

मला वाटलं, धोंडू आता पेटणार. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं कॅप्टनपणाची आस धरली, मग ती साच्यावर का असेना, त्याला मुलगा सांगतोय की मला भीती वाटते. धोंडू उठला. बाहेरच्या माणसांच्या तोंडावर त्यानं दार लावून घेतलं. मी बाहेर पडायला लागलो तर मला म्हणाला, बसा, तुमीय ऐका. मग परत येऊन मुलाच्या समोर बसला.

"माका जॉबर केल्यानी नाय, ह्या खोटा," तो म्हणाला. "साहेबान बोलावून विचारल्यान होता. बत्तीस मानसा हाताखाली. मी भियालंय. मीच नको म्हटलंय."

 सुभद्रेनं विचारलं, कधी? तो म्हणाला, विश्राम चार वर्षांचा होता तेव्हा.

मी मनात वजाबाकी केली. वीस वर्षं. या वीस वर्षांत मी या माणसाचं शंभरदा सांत्वन केलं होतं. एकदा तर अन्याय झाला म्हणून मॅनेजरला द्यायचा अर्ज त्यानं माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतला होता आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला होता, राहू दे मास्तर, देऊ नका. तेव्हा मला वाटलं होतं, किती स्वाभिमानी माणूस. मला संताप यायला हवा होता. पण आलं रडू, स्पष्टच सांगतो. कारण तो जे बोलला ते मुलासाठी बोलला होता, नाहीतर ते त्यानं स्मशानापर्यंत तसंच नेलं असतं.

"मगे मी काय करू?" विश्रामनं विचारलं. "जाव की नको?"

"ता माका ठावक नाय," धोंडू म्हणाला. "माका तेव्हाय ठावक नव्हता."

विश्रामचा चेहरा मी बघितला. त्याला हवं होतं ते काहीच मिळालं नव्हतं. बाप घाबरला आणि नाही म्हणाला, म्हणून आपण हो म्हणावं? की दोघंही घाबरट, म्हणून दोघांनीही मुंबईतच राहावं? मलाही सांगता आलं नसतं. तो कार्डाची घडी घालत होता, उघडत होता.

सुभद्रा नवऱ्याकडे बघत होती. तो मान खाली घालून नखं बघत होता. त्याच्याऐवजी जॉबर झालेला माणूस चाळीतलाच होता, आणि या एका गाऱ्हाण्यासाठी ती त्याच्या बायकोशी वीस वर्षं बोलली नव्हती. नळावर तिची घागर आली की ही आपली उचलून घ्यायची. रोज रात्री तेच ऐकून नवऱ्याला जेवू घातलं होतं आणि मनातल्या मनात गिरणीला शिव्या दिल्या होत्या. तिला राग आला होता की त्याची कीव आली होती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

विश्राम चौदा तारखेच्या गाडीनं आसामला गेला.  आपण बरोबर करतोय की नाही हे त्याला फलाटावरही कळत नव्हतं, तसं तो म्हणालासुद्धा. चाळीत कोणी म्हणतं बापानं पाठवला, कोणी म्हणतं देवाचा कौल होता, आणि अप्पा आपलं नाव पुढे करतात. पाठवला तो सुभद्रेनं, जी मुंबई धरून बसली होती तिनं. त्या मंगळवारी नवऱ्यावरची नजर काढून ती मुलाकडे वळली आणि म्हणाली, "जा तू. ह्या घरात तसलो एक पुरे झालो."